फंडीच्या काठाने : न्यू ब्रन्सविकमधील आठ दिवस

माझी सारी नोकरी गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत गेली. घरात कोकणी, वर्गात मराठी, देवळातली आरती मराठीत आणि बाजारातली घासाघीस कोकणीत, असेच आमचे आयुष्य होते आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हते. पुढे राजभाषेचा वाद पेटला, १९८७ साली कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. परंतु त्या दोन-तीन वर्षांत एकाच वाड्यावरची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. म्हणून कॅनडात मंक्टन येथे राहणाऱ्या भाच्याने, “मामा, आमचा प्रांत कॅनडातला एकमेव असा प्रांत आहे की जिथे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा राज्यघटनेनेच अधिकृत ठरवल्या आहेत, तुम्ही एकदा येऊन पाहा,” असे लिहिले, तेव्हा निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास न्यू ब्रन्सविकचाच करायचा, हे मी आणि पत्नीने ठरवून टाकले.

पहिला दिवस : मंक्टन

पूर्वेला सेंट लॉरेन्सचे आखात, दक्षिणेला फंडीचा उपसागर, पश्चिमेला अमेरिकेचे मेन राज्य आणि उत्तरेला क्वेबेक, अशा चौकटीत हा प्रांत बसला आहे. क्षेत्रफळ सुमारे ७३,००० चौरस किलोमीटर आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ७,७५,६१०. बहुतेक भूभाग जंगलाचा. वस्ती आहे ती किनाऱ्यांना आणि नद्यांना धरून. साधारण तीस टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. सुमारे एक तृतीयांश लोकांना दोन्ही भाषा बोलता येतात आणि त्यांच्यात फ्रेंचभाषकांचा वाटा बराच मोठा आहे. दुसऱ्याची भाषा शिकण्याचे ओझे संख्येने लहान असलेल्या समाजानेच अधिक उचलायचे, हा आपल्याकडचा अनुभव इथेही लागू पडतो.

माहिती केंद्रात गेलो तर खिडकीमागची तरुणी “हॅलो, बाँझूर” असे एका दमात म्हणाली आणि थांबली. मला वाटले, ही तिची लकब असावी. भाच्याने समजावून सांगितले की हे कायद्यातच आहे. सरकारी सेवकाने दोन्ही भाषांत अभिवादन करायचे आणि पुढचे बोलणे कोणत्या भाषेत व्हावे हे नागरिकाने ठरवायचे. नागरिकाने भाषेची मागणी करेपर्यंत वाट पाहायची नाही, सेवकाने ती आपण होऊन पुढे करायची. माझ्या नोकरीच्या काळात मराठीतून अर्ज दिला की “हा चालेल का, विचारून सांगतो” असे ऐकण्याची सवय झालेल्या मला त्या दोन शब्दांमागची व्यवस्था फार मोलाची वाटली.

मंक्टन शहराने २००२ साली स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक घोषित केले. याच शहरात १९६८ च्या फेब्रुवारीत मंक्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी नगरपालिकेत फ्रेंचमधून कारभार व्हावा म्हणून मोर्चा नेला होता आणि तेव्हाच्या महापौरांनी त्यांना धुडकावून लावले होते. विद्यापीठ स्थापन होऊन त्या वेळी जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या पाच वर्षांत, घरातल्या भाषेत उच्च शिक्षण घेणारी आणि त्या भाषेत हक्क मागणारी एक पिढी उभी राहिली. शहराचे नाव मात्र रॉबर्ट मंक्टन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यावरून पडलेले आहे आणि त्याच सेनाधिकाऱ्याने १७५५ मध्ये इथल्या फ्रेंच लोकांना हुसकावून लावण्याच्या मोहिमेत पुढाकार घेतला होता. फ्रेंच विद्यापीठाने ते नाव का मिरवावे, असा प्रश्न अलीकडे विचारला जाऊ लागला आहे.

संध्याकाळी चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावरची मुले बोलत होती ती कोणती भाषा हे मला कळेना. हिचे नाव शियाक. व्याकरण फ्रेंच आणि त्यात इंग्रजी धातू फ्रेंच प्रत्यय लावून बसवलेले. ‘रस्ता ओलांडला’ यासाठी ‘क्रॉसे ला स्ट्रीट’. शुद्धतेचा आग्रह धरणारे तिला नावे ठेवतात, पण आग्नेय भागातली मुले हीच बोली घेऊन मोठी होतात. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले कोकणी शब्द लाल शाईने खोडत आलो. ती मुले चुकत नव्हती, घरची भाषा शाळेत आणत होती, हे मला फार उशिरा समजले.

अंधार पडण्याआधी पेटिकोडिअ‍ॅक नदीवर गेलो. तांबूस चिखलाचे पात्र जवळजवळ कोरडे होते. ठरल्या वेळी खालच्या वळणावरून पाण्याची एक आडवी रेघ उलट्या दिशेने, म्हणजे समुद्राकडून वर चढत आली आणि तासाभरात पात्र भरून गेले. १९६८ मध्ये नदीवर बांध घातल्यापासून ही लाट क्षीण झाली होती, मासेही कमी झाले होते. २०१० मध्ये बांधाचे दरवाजे उघडले, २०२१ मध्ये तिथे पूल झाला आणि नदी पुन्हा जिवंत झाली.

दुसरा दिवस : होपवेल, मेमरॅमकुक आणि ओलॅक

फंडीच्या उपसागराची भरती जगातली सर्वांत उंच आहे. टोकाकडे ती सोळा मीटरपर्यंत जाते. आमच्या किनाऱ्यावर ऐन उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटरचा. हा उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता आहे, शिवाय त्यातल्या पाण्याच्या हेलकाव्याचा स्वाभाविक काळ चंद्राच्या भरतीच्या सव्वाबारा-साडेबारा तासांच्या तालाशी जवळपास जुळतो; झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका द्यावा तसे होऊन पाणी चढत जाते. होपवेल येथे सुकतीच्या वेळी आम्ही समुद्राच्या तळावर चाललो. माथ्यावर झाडे असलेले, तळाशी झिजून बारीक झालेले तांबड्या खडकाचे स्तंभ डोक्यावर कितीतरी उंच उभे होते आणि त्यांच्या अंगावर माझ्या उंचीच्या कितीतरी वर ओल्या शेवाळाची रेघ होती. चार-पाच तासांनी त्याच जागी लोक होड्या वल्हवत होते.

तिथून मेमरॅमकुकला गेलो. वसाहतकाळात फ्रेंचांनी या साऱ्या मुलखाला अकाडी म्हटले आणि तिथे रुजलेले लोक स्वतःला अकेडियन म्हणू लागले. १७१३ च्या तहानंतर त्यांच्यावर इंग्रजांची सत्ता आली. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, कारण फ्रान्सविरुद्ध शस्त्र उचलायची सक्ती त्यांना नको होती. १७५५ पासून १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे गलबतांत कोंबून अमेरिकेतल्या वसाहतींत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये नेऊन टाकली गेली, घरे जाळली गेली, कुटुंबे फुटली. किती तरी माणसे रोगराईने आणि जहाजे बुडून मेली. जे परतले त्यांच्या सुपीक जमिनी दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या. म्हणून शेतकऱ्यांचा हा समाज पूर्वेच्या आणि उत्तरेच्या उघड्या किनाऱ्यांवर जाऊन मासेमार बनला.

मेमरॅमकुकमध्ये १८६४ साली फ्रेंच महाविद्यालय निघाले आणि १८८१ साली तिथेच अकेडियनांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. राष्ट्रीय दिवस कोणता असावा, यावर तिथे मोठा वाद झाला. क्वेबेकचे फ्रेंचभाषक २४ जूनचा सण पाळत, तोच आपणही पाळावा असे काहींचे म्हणणे होते. शेवटी मेरी मातेच्या स्वर्गारोहणाचा १५ ऑगस्ट निवडला गेला, तो मुख्यतः यासाठी की आपण क्वेबेकची शेपटी नाही, आपला इतिहास निराळा आहे. भाषा एक असली म्हणजे समाज एक होतो असे नाही, हे त्या सभेला चांगले उमगले होते. तीन वर्षांनी त्यांनी ध्वजही ठरवला : फ्रान्सचा निळा-पांढरा-तांबडा ध्वज आणि निळ्या पट्ट्यात सागरतारा मेरीचा सोनेरी तारा.

दिवसाचा उत्तरार्ध ओलॅकच्या दलदलीत गेला आणि या प्रवासात मी सर्वांत अधिक वेळ ज्या गोष्टीपाशी थांबलो ती इथेच भेटली. टेकडीवर बोसेजूरचा किल्ला आहे, १७५५ च्या जूनमध्ये तो पडला आणि हद्दपारीची वाट मोकळी झाली. परंतु माझे लक्ष किल्ल्यापेक्षा खालच्या सपाट, हिरव्यागार गवताळ जमिनीकडे होते. ही सारी जमीन खाऱ्या पाण्यातून उचललेली आहे. सतराव्या शतकात आलेल्या अकेडियनांनी जंगल तोडण्याऐवजी खारवटाला मातीचे आणि गवताच्या ढेकळांचे बांध घातले आणि बांधाखालून पोकळ ओंडका बसवून त्यात एक लोंबती झडप टांगली. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर जाते, भरतीला समुद्राचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. याला ते अबुआतो म्हणतात. दोन-तीन वर्षे पावसाने मीठ धुऊन निघाले की जमीन खताशिवाय पिकते.

प्रदर्शनातला तो ओंडका पाहताच मी पत्नीला म्हणालो, “अगं, हा तर आपला मानस!” गोव्यातल्या खाजण शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारवट शेतांत, मानशीचे दार याच न्यायाने उघडते आणि मिटते, खारट जमिनीत तग धरणारे कोरगूट भात आमच्या वाडवडिलांनी अशाच बांधांच्या आड पिकवले. दोन खंडांतल्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्यांनी समुद्राशी एकच युक्ती लढवली होती. बांध एकट्याने राखता येत नाही. तो फुटला तर सगळ्यांचेच शेत बुडते, म्हणून दुरुस्तीला सगळे गाव लागते. आमच्याकडच्या गावकाऱ्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्था, खाजणांच्या बांधांची देखरेख याच कारणाने करीत असत. अकेडियनांची एकजूट या बांधांवर घडली असावी असे मला वाटते. आणि ज्यांनी बांध बांधले त्यांनाच हाकलून त्या बांधांआडची शेते दुसऱ्यांना वाटली गेली, हे त्या गवतात उभे राहून आठवताना फार जड वाटले.

तिसरा दिवस : शेडिअ‍ॅक ते मिरामिची

शेडिअ‍ॅकला शेवंडीचा एक प्रचंड पुतळा आहे. तिथे सगळे छायाचित्र काढतात, आम्हीही काढले. मालवण-वेंगुर्ल्याची शेवंड बिननांगीची असते, इथल्या शेवंडीला दोन जाडजूड नांग्या असतात. पत्नीने ती लोण्याबरोबर खाल्ली आणि सोलकढीची आठवण काढली.

पुढे कुशिबुग्वॅकचे राष्ट्रीय उद्यान. वाळूचे लांबच लांब पट्टे, त्यांच्या आत शांत खाड्या आणि लाकडी फळ्यांच्या पायवाटा, असे हे ठिकाण अतिशय सुंदर आहे. परंतु १९६९ मध्ये हे उद्यान करताना इथल्या बहुतेक अकेडियन अशा दोनशेहून अधिक कुटुंबांची, म्हणजे बाराशेच्या आसपास माणसांची, घरे सरकारने ताब्यात घेऊन पाडली. हद्दपारीची आठवण दोनशे वर्षे जपलेल्या लोकांना पुन्हा एकदा उठवले गेले. जॅकी वोटूर या मासेमाराचे घर बुलडोझरने पाडले, तरी तो परत येऊन तिथेच राहिला आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत त्याने लढा सोडला नाही. याच संघर्षामुळे पुढे राष्ट्रीय उद्यानांसाठी लोकांना सक्तीने उठवायचे नाही, असे धोरण कॅनडाला स्वीकारावे लागले. आमच्या सीमेवरच्या तिलारी धरणासाठी उठलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची मुले माझ्या ओळखीच्या शिक्षकांच्या वर्गात होती. त्यामुळे उद्यानातल्या त्या सुंदर पायवाटेवर मला फार वेळ चालवेना.

चौथा दिवस : मेटेपेनागिऑग आणि काराकेत

सकाळी मिरामिची नदीच्या वरच्या अंगाला, मिगमॉ लोकांच्या मेटेपेनागिऑग या गावी गेलो. दोन अधिकृत भाषांच्या या प्रांतात त्या दोन्ही भाषा येण्यापूर्वी तीन राष्ट्रे नांदत होती आणि आजही आहेत : पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर मिगमॉ, सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात वोलास्तोकियिक आणि नैर्ऋत्येच्या खाडीकाठी पेस्कोटोमुकाटी. मेटेपेनागिऑग येथे तीन हजार वर्षांपासून अखंड वस्ती आहे. १९७० च्या दशकात गावाचे माजी प्रमुख जोसेफ ऑगस्टिन यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या एका गोल उंचवट्याचे महत्त्व ओळखले. उत्खननात तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीचे दफनस्थळ आणि दूरदेशीच्या तांब्याचे मणी निघाले. तांब्याचे ते मणी म्हणजे व्यापार होता, वाटा होत्या, ओळखी होत्या.

अठराव्या शतकात ब्रिटिशांनी या राष्ट्रांशी शांतता आणि मैत्रीचे तह केले आणि त्या तहांत जमीन देऊन टाकल्याचा शब्द कुठेही नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तहांच्या आधारे मिगमॉ लोकांचा मासेमारी करून उपजीविका करण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर इथून जवळच्या बर्न्ट चर्च येथे शेवंडीच्या सापळ्यांवरून काही वर्षे तीव्र संघर्ष झाला. तहाचा कागद अडीचशे वर्षे जपला गेला, पण त्या लोकांच्या भाषा जपायला कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. उलट मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांतून त्यांच्या तोंडची भाषा काढून घेतली गेली. मिगमॉ भाषा अजून काही घरांत बोलली जाते, वोलास्तोकी भाषा अस्खलित बोलणारे मात्र फार थोडे आणि तेही बहुतेक वयोवृद्ध उरले आहेत. प्रांताच्या भाषा-समतेची गोष्ट ऐकताना ही बाजू सतत मनात ठेवावी लागते.

दुपारपर्यंत काराकेत गाठले. तो १५ ऑगस्टचा दिवस होता. सकाळी निवासस्थानी आम्ही ‘जन गण मन’ म्हटले होते आणि भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने मनगटाला तिरंगी फीत बांधली होती. बरोबर ५ वाजून ५५ मिनिटांनी, म्हणजे चोवीस ताशी घड्याळात १७:५५ ला, १७५५ ची आठवण म्हणून, चर्चच्या घंटा वाजल्या आणि रस्त्यावर लोटलेल्या हजारो माणसांनी एकाच वेळी पातेली, झाकणे, कर्णे, गाईच्या गळ्यातल्या घंटा, शिट्ट्या, जे हाती असेल ते वाजवायला सुरुवात केली. याला तँतामार म्हणतात. शरीराने थकलेल्या आजी चाकाच्या खुर्चीत बसून चमच्याने पातेले बडवीत होत्या, चेहऱ्यावर ध्वज रंगवलेली लहान मुले खांद्यांवर होती. भाषण नाही, घोषणा नाही. आम्ही अजून इथे आहोत, एवढेच सांगायचे आणि तेही शब्दांविना. आमच्या नातीला कोणीतरी एक झाकण आणि लाकडी पळी दिली, ती तासभर थांबली नाही. मी शिमग्याचे ढोल ऐकत वाढलेला माणूस आहे. तरीही त्या आवाजाने माझे डोळे भरून आले, कारण ज्यांना मुकाट्याने गलबतांत चढवले गेले त्यांची ही पणतवंडे-खापरपणतवंडे होती.

पाचवा दिवस : अकेडियन ऐतिहासिक ग्राम

काराकेतजवळ १९७७ साली उभारलेल्या या ग्रामात जुनी घरे मूळ जागेवरून उचलून आणून बसवली आहेत आणि १७७० पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे जीवन त्यांत दाखवले जाते. लोहार खरेच लोखंड तापवतो, बाई खरेच सूत कातते आणि विचाराल त्या भाषेत उत्तर देते. एका गोदामात बोंबलासारखा वाळवलेला कॉड मासा टांगलेला होता. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरचे व्यापारी या किनाऱ्यावर मासे घेत, पण पैसे रोख देत नसत. त्यांच्याच दुकानातून मीठ, पीठ, दोर उधार घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी हिशेब लावला की मासेमार कर्जातच राहायचा. पुढे विसाव्या शतकात सहकारी पतसंस्था आणि मासेमारांच्या सहकारी संस्था निघाल्या तेव्हा कुठे हा फास सैल झाला. सहकाराची ही हकिगत महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

सहावा दिवस : एडमंडस्टन

किनारा सोडून जंगलातून पाच तासांचा प्रवास. एडमंडस्टनचे लोकही फ्रेंच बोलतात, पण ते स्वतःला ब्रेयाँ म्हणवतात. त्यांच्यात अकेडियन, क्वेबेकचे, आयरिश असे बरेच रक्त मिसळले आहे. सेंट जॉन नदीच्या पलीकडे अमेरिका. १८४२ च्या तहाने सीमा नदीच्या मधोमध आखली आणि एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन देशांत गेल्या. सीमेच्या त्या जुन्या वादातून ‘मादावास्का प्रजासत्ताक’ ही कल्पना निघाली आणि आजही एडमंडस्टनचा महापौर मानाने त्याचा अध्यक्ष असतो.

न्याहारीला प्लॉय आले आणि पत्नी हरखली. कुट्टूच्या पिठाची ही धिरडी एकाच बाजूने भाजतात, वर आंबोळीसारखी जाळी पडते, ती उलटायची नाही. लोणी आणि काकवीबरोबर ती खाल्ली. ओल्या नारळाचा रस असता तर आम्ही घरीच आहोत असे वाटले असते.

सातवा दिवस : हार्टलंड आणि फ्रेडरिक्टन

नदीच्या काठाने बटाट्याच्या शेतांतून खाली येताना हार्टलंडचा ३९१ मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब छप्पर असलेला लाकडी पूल लागतो. दुपारी राजधानी फ्रेडरिक्टन. आज इंग्रजी वाटणाऱ्या या शहराच्या जागी पूर्वी पॉइंट सेंट-आन ही अकेडियन वस्ती होती, १७५९ मध्ये ती जाळली गेली. त्याच नावाने इथे १९७८ साली एक फ्रेंच शाळा आणि समाजकेंद्र एकाच छताखाली उभे राहिले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले. शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह सारे एकत्र, म्हणजे इंग्रजी शहरातल्या फ्रेंच कुटुंबाला मुलाला शाळेत सोडायच्या निमित्ताने आपली भाषा ऐकू येते.

विधानसभेच्या इमारतीसमोर बसून भाच्याशी पुष्कळ बोललो. लुई रोबिशो हे निवडून आलेले पहिले अकेडियन मुख्यमंत्री. गरीब फ्रेंच जिल्ह्यांतल्या शाळा आणि दवाखाने स्थानिक करांवर अवलंबून असल्यामुळे कायम मागे राहत. त्यांनी ती जबाबदारी प्रांताकडे घेतली आणि १९६९ मध्ये राजभाषा कायदा केला. १९८१ मध्ये पुढच्या, इंग्रजीभाषक मुख्यमंत्र्यांच्या, रिचर्ड हॅटफील्ड यांच्या काळात आणखी एक पाऊल पडले : समान कोण, तर केवळ भाषा नव्हेत, त्या बोलणारे दोन समाज. यातूनच शिक्षण खात्याच्या दोन स्वतंत्र शाखा, चार इंग्रजी आणि तीन फ्रेंच शाळा-जिल्हे आणि आरोग्यसेवेची दोन जाळी पक्की झाली. हे सारे विनाविरोध झाले नाही. १९९१ च्या निवडणुकीत द्विभाषिकतेला विरोध करणारा पक्ष आठ जागा जिंकून मुख्य विरोधी पक्ष बनला. तरीही १९९३ मध्ये दोन समाजांच्या समानतेचे कलम देशाच्या घटनेत घातले गेले.

आजही तक्रारी आहेत. इंग्रजीच येणाऱ्याला सरकारी नोकरी मिळणे कठीण होते, असे एक बाजू म्हणते. आपले प्रमाण दर जनगणनेला घटते आहे, असे दुसरी म्हणते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भाच्याची मुलगी इंग्रजी शाळेतल्या फ्रेंच माध्यमाच्या तुकडीत शिकते. २०२२ च्या अखेरीस सरकारने ही पद्धत मोडीत काढण्याचा बेत मांडला तेव्हा पालक सभांतून उसळून उठले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो मागे घ्यावा लागला. विरोध करणाऱ्यांत बहुसंख्य इंग्रजीभाषक पालक होते.

मला गोवा आठवत होता. आमच्याकडे कायद्याने दोन्ही भाषांना वाव दिला, पण कोणत्या भाषेची शाळा, कोणते ग्रंथालय, कोणता दवाखाना कोण चालवणार, हा प्रश्न आम्ही सोडवला नाही. पटसंख्या घटली की शाळा बंद होते आणि तिच्याबरोबर गावातली शेवटची भाषिक जागाही. इथल्या फ्रेंचांनी आधी शाळा, विद्यापीठ, पतसंस्था आणि रुग्णालय उभे केले आणि कायद्याला त्यांचे रक्षण करायला लावले. माझ्या मते फरक तिथे पडला.

आठवा दिवस : सेंट जॉन

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूने राहिलेले निष्ठावंत १७८३ मध्ये इथे उतरले, त्यांच्या आग्रहाने पुढच्या वर्षी हा प्रांत नोव्हा स्कॉशियापासून वेगळा झाला आणि १७८५ मध्ये सेंट जॉनला सनद मिळून ते कॅनडातले पहिले विधिवत स्थापित शहर झाले. त्याच सनदेने कृष्णवर्णीयांना शहरात धंदा करायला आणि बंदरात मासे धरायला बंदी घातली, वास्तविक त्यांच्यातलेही अनेकजण राजासाठी लढले होते. टॉमस पीटर्स या त्यांच्या पुढाऱ्याने लंडनला जाऊन गाऱ्हाणे मांडले आणि १७९२ मध्ये सुमारे बाराशे माणसे हॅलिफॅक्सहून सिएरा लिओनला निघून गेली. बंदराच्या तोंडावर पार्ट्रिज बेट दिसते. १८४७ मध्ये दुष्काळातून पळालेले हजारो आयरिश लोक या बंदराला लागले आणि शेकडो त्या बेटावर तापाने मेले. जुन्या शहराचा इंग्रजी तोंडवळा एका रंगाचा नाही, हे इथे कळते.

१८७६ च्या बाजाराची इमारत पुढच्याच वर्षीच्या मोठ्या आगीतून वाचली. तिचे लाकडी छत उलट्या घातलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारखे आहे. तिथे डल्स नावाचे वाळवलेले जांभळे शेवाळ कागदी पिशवीत विकत घेतले; चव खारवलेल्या कैरीच्या सालीची आठवण करून देणारी.

शेवटी सेंट जॉन नदीच्या मुखाशी गेलो. अरुंद घळीतून नदी समुद्राकडे धावत असते, पण भरती चढली की समुद्रच नदीला मागे लोटतो आणि प्रवाह उलटा वाहू लागतो. निष्ठावंतांच्या आणि फ्रेंचांच्याही आधीपासून इथे राहणारे वोलास्तोकियिक लोक सांगतात की कोलुस्काप या वीराने महाकाय बीव्हरचे, म्हणजे नदीवर धरण बांधणाऱ्या प्राण्याचे, धरण इथे फोडले. त्यांच्या भाषेत या नदीचे नाव वोलास्तोक, म्हणजे सुंदर आणि भरभरून देणारी नदी. तेच नाव अधिकृतपणे परत द्यावे, अशी त्यांच्या प्रमुखांची मागणी आहे. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. पाणी खळखळत खाली जात होते, मग भोवरे संथ झाले, काही मिनिटे सारे स्थिर झाले आणि त्या अवधीत खालून दोन होड्या घाईने पार झाल्या. नातीने वोलास्तोकी, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषांच्या क्रमाने नदीची तिन्ही नावे मला म्हणून दाखवली. वोलास्तोक हे तिच्या शिक्षिकेने वर्गात शिकवले होते. पाणी वर चढू लागले तेव्हा आम्ही गाडीत बसलो. मंक्टन अजून दीडशे किलोमीटर होते.